शिट्टी नसलेला कुकर: बेळगावकडच्या स्वयंपाकघरात इलेक्ट्रिक मल्टीकुकर

आत्तींनी हे यंत्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा झाकण उचललं, उलटंपालटं करून चाचपलं आणि विचारलं, "ह्याची शिट्टी कुठं हाय गं?"

"ह्याला शिट्टी नसते, आत्ती."

"मग शिजलंय कळतंय कसं?"

प्रश्न बिनतोड होता. बेळगावात जा, खानापुरात जा नाहीतर निपाणीला, आपल्या स्वयंपाकाचं घड्याळ शिट्टीवर चालतं. तुरीला चार, भाताला दोन, मटणाला आठ. शेजारणीच्या घरात आज काय शिजतंय तेही आपण शिट्ट्या मोजून सांगतो. यंत्रावरची बटणं दोन दिवसांत समजतात. शिट्टी सोडून मिनिटांवर यायला मला मात्र दीड-दोन महिने लागले. त्यामुळं इथं बटणांबद्दल कमी आणि पाण्याबद्दल, मिनिटांबद्दल जास्त वाचायला मिळेल.

बटणांचं एवढंच: 'भात', 'डाळ', 'सूप', 'खीर' अशी चित्रं काढलेली असतात, ती सध्या विसरा. बहुतेकांच्या मागं ठरवून ठेवलेली मिनिटंच असतात, आणि ती आपल्या तांदळासाठी, आपल्या मसुरासाठी ठरवलेली नसतात. दोनच बटणं शिका. एक परतायचं, त्यावर 'सॉटे' लिहिलेलं असतं. दुसरं दाबाखाली शिजवायचं, 'प्रेशर कुक'. माझा नव्वद टक्के स्वयंपाक या दोनांवर होतो.

घेताना

दोघांना ३ लिटरचा पुरतो. चार-पाच माणसं असतील तर ५.७ किंवा ६ लिटरचा घ्या. खोक्यावर ६ लिटर लिहिलेलं असलं तरी तेवढं शिजत नाही, हे लक्षात ठेवा. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरायचं नाही, आणि डाळ, भात, कडधान्य असं फेसाळणारं किंवा फुगणारं काही असेल तर निम्म्यावर थांबायचं. म्हणजे सहा लिटरच्या भांड्यात आमटी तीनच लिटर. गणपतीत पंधरा माणसं जेवायला असली की हे यंत्र बाजूला ठेवून जुना मोठा कुकरच काढावा लागतो, उगाच आशेवर राहू नका.

आतलं भांडं स्टीलचं असलेलं बरं. आपण फोडणी करतो, मसाला भाजतो, उलथन्यानं खरवडतो, तिथं नॉनस्टिकचा थर किती टिकणार? आणखी एक गोष्ट दुकानातच विचारून घ्या: झाकणातलं सिलिकॉनचं रबर सुटं मिळतं का. मिळत असेल तर त्याच दिवशी एक जादा घ्या. का ते पुढं सांगते.

सहा लिटरचं यंत्र साधारण १००० वॉटचं असतं, म्हणजे सव्वाचार अँपिअरच्या आसपास वीज ओढतं. भिंतीतला चांगला पॉईंट तेवढं सोसतो. जुना, सैल झालेला सॉकेट तापतो, आणि एक्स्टेन्शन बोर्डावर मिक्सरच्या शेजारी हे लावणं म्हणजे तर आगीशी खेळ. घरातल्या छोट्या इन्व्हर्टरलाही हा भार झेपत नाही. तेव्हा जो पॉईंट इन्व्हर्टरवर आहे त्यात हे खुपसू नका.

पहिल्या दिवशी नुसतं पाणी

नवं यंत्र आलं की लगेच मटण लावायचा मोह होतो. लावू नका. पहिल्यांदा आतल्या भांड्यात तीन वाट्या पाणी घाला, झाकण बसवा, वाफेचा व्हॉल्व बंद करा, दाबाखाली ५ मिनिटं लावा आणि चहा घेऊन समोर बसा.

सुरुवातीला काहीच होत नाही. मग झाकणातल्या बारीक पिनेच्या भोकातून वाफ फुसफुसायला लागते. थोड्या वेळानं ती पिन टक् करून वर येते आणि फुसफुस थांबते. आतला दाब पुरा झाला की मगच आकडा पाचावरून चारावर येतो. नवखी माणसं नेमकी इथं फसतात. पाकृतीत '५ मिनिटं' लिहिलेलं असतं, ती दाब आल्यानंतरची. दाब यायला आठ ते पंधरा मिनिटं वेगळी, भांडं जितकं भरलेलं तितकी जास्त. आणि शेवटी वाफ जिरायला दहा मिनिटं. म्हणजे पाचाची गोष्ट पाऊण तासाची नाही, पण पंचवीस मिनिटांची नक्की. ऑफिसला निघायच्या दहा मिनिटं आधी लावून उपयोग नाही.

आता वाफ सोडायचे दोन मार्ग करून बघा. एक, काहीच न करता थांबायचं. पिन आपोआप खाली पडते. दुसरा, व्हॉल्व फिरवून वाफ एकदम मोकळी करायची. ते हातानं करू नका, लांब दांड्याच्या चमच्यानं करा. वर फळी किंवा प्लायवूडचं कपाट असेल तर यंत्र आधी पुढं ओढा. डाळ, भात, कडधान्य यांची वाफ एकदम सोडायची नाही. मी एकदा तुरीची सोडली होती. पिवळा फेस व्हॉल्वातून उसळून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत गेला, आणि पुढचे दोन महिने संकष्टीची तारीख हळदीच्या डागातून वाचायला लागली.

पिन वर असेपर्यंत झाकण उघडत नाही. जोर लावायचा नाही. अडकलंय असं वाटलं तरी थांबायचं.

एक गोष्ट मी केली, तुम्ही करू नका

आठवडाही झाला नव्हता. आतलं भांडं घासून पालथं घातलेलं. सकाळची घाई, मुलाचा डबा. मी तांदूळ धुतले आणि सवयीनं 'कुकरात' ओतले. आत भांडं नव्हतंच. तांदूळ-पाणी थेट यंत्राच्या पोटात, तापणाऱ्या तबकडीवर. नशीब, प्लग लावलेला नव्हता.

यंत्र उपडं केलं तर पाणी गळतंय, तांदूळ मधल्या स्प्रिंगच्या बटणाभोवती चिकटून बसलेत. दातकोरणीनं एकेक दाणा काढला. दोन दिवस पंख्याखाली पालथं ठेवलं, मग गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडून उघडून बघून घेतलं आणि मगच प्लग लावला. वाचलं. तेव्हापासून भांडं घासलं की कोरडं करून लगेच आत ठेवायचं, हा घरातला नियम आहे. भांड्याचा तळ बाहेरून पुसायला विसरू नका. खाली चिकटलेलं एक शीतही तबकडीवर जळतं.

शिट्टीची मिनिटं आणि पाण्याचा हिशोब

गॅसवरच्या कुकरात दाब चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो असतो आणि आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. या यंत्रांत दाब त्याच्या सत्तर-ऐंशी टक्के, तापमान ११५-११७. फरक थोडा दिसतो, पण त्यामुळं शिजायला वेळ जरा जास्त लागतो. माझा ढोबळ हिशोब असा: एका शिट्टीला दोन ते अडीच मिनिटं. तुरीला चार शिट्ट्या देत असाल तर ८ ते १० मिनिटं, भाताला दोन तर ४ ते ५. मटणाला मात्र शिट्टीमागं तीन धरा.

पाणी याच्या उलट, कमी लागतं. शिट्टी वाजते तेव्हा वाफ बाहेर जाते, पाणी जातं. इथं काही जातच नाही. पहिल्या आठवड्यात माझा प्रत्येक भात गिचगोळा झाला तो यामुळंच. मोकळा भात थेट भांड्यात करायचा असेल तर धुतलेल्या एका वाटीला जुन्या तांदळासाठी सव्वा वाटी पाणी, ४ मिनिटं, मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. येळ्ळूरकडचा नवा बासमती असेल तर वाटीला वाटीच. नव्या तांदळात ओल असते, सव्वा घातलंत की लगदा झालाच. इंद्रायणीलाही तेच माप.

मात्र अगदी कमी पाण्यात यंत्र चालत नाही. वाफच तयार झाली नाही तर दाब येणार कुठून? मोठ्या यंत्राला किमान दोन वाट्या तरी पातळ पदार्थ लागतो. माझी वाटी आमटीची, साधारण १५० मिलीची.

पहिला खरा पदार्थ: अख्खा मसूर

सुरुवात याच्यापासून करा, कारण यात फसायला जागा कमी आणि हात चांगला बसतो. भात कापून झालं की येळ्ळूर, धामणे, वडगावकडच्या काळ्या रानात जो मसूर पेरतात तो बारीक दाण्याचा मिळाला तर उत्तम. नसेल तर रविवार पेठेत जो मिळेल तो.

मसूर दोन वाट्या, निवडून, धुऊन. भिजवायची गरज नाही.

परतायचं बटण दाबा, भांडं तापू द्या, मग तीन चमचे तेल. तेल कडेला पळतं, कारण बऱ्याच भांड्यांचा तळ मध्ये किंचित उचललेला असतो. भांडं बिघडलेलं नाही. मोहरी, जिरं, दोन कांदे बारीक चिरून. गॅसच्या मानानं इथं कांदा हळू लाल होतो, सात-आठ मिनिटं द्या. मग ठेचलेला लसूण चांगला दहा-बारा पाकळ्या, आलं, एक टोमॅटो. टोमॅटो मऊ झाला की आपली कांदा-लसूण चटणी दोन चमचे आणि हळद. चटणी पडली की लगेच अर्धी वाटी पाणी घाला. चटणी कोरडी परतत राहिलात तर ती तळाला धरते.

आता ते पाणी घातल्यावर लाकडी उलथनं घेऊन सगळा तळ खरवडा. हलवून भागत नाही, खरवडायलाच लागतं. उलथन्याला तळ गुळगुळीत लागला पाहिजे. या यंत्राला तळाला चिकटलेला मसाला चालत नाही. तबकडी जास्त तापते, यंत्र पडद्यावर 'बर्न' दाखवतं आणि शिजवायचंच थांबतं. नवखी माणसं वैतागून यंत्र परत द्यायला निघतात ती बहुतेक याच शब्दापायी. तो शब्द दिसला तर यंत्र बंद करा, वाफ जिरू द्या, झाकण उघडून तळ खरवडा, अर्धी वाटी पाणी वाढवा आणि परत लावा.

खरवडून झालं की मसूर, साडेचार वाट्या गरम पाणी, मीठ. गरम पाण्यानं दाब लवकर येतो. झाकण, व्हॉल्व बंद, १० मिनिटं. संपल्यावर पिन आपोआप पडेपर्यंत थांबा. उघडाल तेव्हा वर पाणी तरंगताना दिसेल आणि फसलं असं वाटेल. पळीनं चार वेळा हलवा, थोडे दाणे भांड्याच्या कडेला दाबा, पाच मिनिटं उघडं ठेवा. दाटपणा येतो. मग गरम मसाला, कोथिंबीर. भाकरी तव्यावर, ती या यंत्रात होत नाही. कुणी होते म्हणून दाखवलं तरी खाऊ नका.

आत्तींनी पहिला घास घेऊन, "खरं, तेल कमी घातलीस," एवढंच म्हटलं. बेळगावात 'खरं'चा अर्थ 'पण' होतो हे बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. म्हणजे बाकी सगळं पास.

रोजचं वरण-भात, डब्यात डबा

इथं जुनी सवय कामाला येते. कुकरचे डबे आपल्याकडं असतातच, फक्त त्यांचा घेर मोजा. सहा लिटरच्या भांड्यात साधारण १८-१९ सेंटीमीटरचा डबा सुखानं बसतो, बाजूनं वाफेला जागा राहते.

तळाला दोन वाट्या पाणी, त्यात जाळीचं स्टँड. खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली तूरडाळ एक वाटी, पाणी अडीच वाट्या, हळद, हिंग, तेलाचे दोन थेंब. तेलानं फेस कमी येतो. वरच्या डब्यात तांदूळ दीड वाटी, पाणी सव्वादोन वाट्या. डब्यातल्या भाताला थेट भांड्यापेक्षा पाणी जास्त लागतं. डबे काठोकाठ भरायचे नाहीत. ८ मिनिटं, दहा मिनिटं थांबायचं. कोपऱ्यात एक बटाटा सोलून टाकला तर तोही होतो. चिंच, आमसूल नंतर आमटीला. आंबट आधी पडलं की डाळ गाठ्यागाठ्यांची राहते.

डाळ शिजत नाही अशी तक्रार आली की मी आधी विचारते, पाणी कुठलं? शहरात नळाला राकसकोप नाहीतर हिडकल धरणाचं पाणी येतं. पण उपनगरांत आणि गावांत पुष्कळ घरांत बोअरचं वापरतात. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीचं साल आणि दाणा मऊ होऊ देत नाही. अशा पाण्याला तीन-चार मिनिटं वाढवा, किंवा शिजवण्यापुरतं पिण्याचं पाणी घ्या. जुनी डाळ असेल तरीही वेळ वाढवायला लागतो.

कडधान्य आणि मटण

या यंत्राचे पैसे वसूल होतात ते कडधान्यात. रात्री भिजवलेला काळा वाटाणा २५ मिनिटं, हुलगा २०, हरभरा १५ ते २०, वरणा-पावटा भिजवून सोललेला असेल तर ४-५ पुरतात. हुलग्याचं शिजवलेलं पाणी फेकू नका, त्याचा कट करा. राजमा २५ ते ३०. आणि राजम्याबद्दल एक गोष्ट बजावून सांगते: काही यंत्रांत मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचा 'स्लो कुक' प्रकार असतो, त्यात कच्चा राजमा कधी घालायचा नाही. राजम्यातलं एक विषारी द्रव्य नीट उकळी आल्याशिवाय मरत नाही, आणि कोमट आचेवर शिजलेला राजमा खाऊन उलट्या होतात. दाबाखाली शिजवला की ती भीती नाही.

मटण बकऱ्याचं असेल तर हळद-मीठ-आलं-लसूण लावून परतायचं, दोन-तीन वाट्या पाणी घालून २५ मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्यायची. एकदम सोडली तर मांस ताठरतं. ब्रॉयलर कोंबडीला ८ मिनिटं फार झाली, गावठीला २० ते २५. खोबरं-तिळाचं वाटण मात्र आधी घालायचं नाही. ते जड असतं, तळाला बसतं आणि परत तोच 'बर्न'. मटण शिजल्यावर वाटण घालून परतायच्या बटणावर रश्श्याला उकळी आणा. तर्रीही तेव्हाच वर येते. दाण्याच्या कुटालाही हाच नियम.

रताळ्यांचा मोसम असला की जाळीवर ठेवून, खाली दोन वाट्या पाणी, मध्यम आकाराची १० मिनिटांत होतात. पाण्यात बुडवून उकडलेल्यापेक्षा गोड लागतात. फ्लॉवर, कोबी, पालेभाजी यात करू नका. दाब यायच्या आतच त्यांचा चेंदा होतो, कढई काय वाईट आहे? इडली होते, पण झाकणाचा व्हॉल्व उघडा ठेवून, वाफेच्या बटणावर, बारा मिनिटं घड्याळ लावून. कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावच्या दूध आटवून केलेल्या मिठाईचा, प्रयोग मी करून बसले. दूध आटवायला परतायच्या बटणावर दीड तास, तळाला दूध करपलं, आणि यंत्र मधेच आपण होऊन बंद पडत होतं, कारण ते बटण ठरावीक वेळच चालतं. कुंदा दुकानातून आणा.

दही मात्र फार छान लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बेळगावात विरजण धरत नाही, तेव्हा दह्याचं बटण असलेलं यंत्र दूध चाळीस-बेचाळीस अंशांवर धरून ठेवतं आणि आठ तासांत घट्ट दही होतं.

रबर, लाईट आणि बिल

सिलिकॉनचं रबर वास धरतं. रविवारी मटण झालं आणि सोमवारी खीर केली तर खिरीला कोल्हापुरी रश्श्याचा वास येतो. म्हणून दोन रबरं, एक तिखटाचं, एक गोडाचं. पावसाळ्यात ओलं रबर झाकणात तसंच राहिलं तर बुरशी धरतं, काढून कोरडं करायचं आणि झाकण उलटं ठेवायचं. यंत्राच्या मागं एक छोटी वाटी अडकवलेली असते, त्यात वाफेचं पाणी साठतं. ती महिनाभर कुणी बघत नाही आणि मग स्वयंपाकघरात कसला वास येतोय म्हणून सगळे शोधत बसतात.

मधेच लाईट गेली तर घाबरू नका, झाकण उघडायचा प्रयत्नही करू नका. आतल्या दाबानं शिजणं थोडा वेळ चालूच राहतं. लाईट आल्यावर बरीचशी यंत्रं आपोआप सुरू होत नाहीत, परत मिनिटं लावायला लागतात. पिन अजून वर असेल तर उरलेली मिनिटंच लावा.

बिलाचं सगळ्याजणी विचारतात. वरण-भाताच्या एका फेरीला साधारण पाव ते तीन दशांश युनिट लागतं. सगळा वेळ ते १००० वॉट ओढत नाही. दाब आला की थांबून थांबून तापतं. दिवसाला दोन फेऱ्या धरल्या तर महिन्याला पंधरा ते अठरा युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत आपल्याला मोफत वीज मिळते ती २०२२-२३ च्या सरासरी वापरावर साधारण दहा टक्के वाढ धरून, तीही २०० युनिटपर्यंत. तुमची सरासरी शंभर असेल तर वर दहाच युनिट मोकळी आहेत, ती हा एकटा कुकर खाऊन टाकेल आणि जादाचे पैसे भरायला लागतील. पण सरासरी १७० च्या पुढं असेल तर जपून, कारण महिन्याचा वापर २०० ओलांडला की जादाचं नाही, सगळंच बिल येतं. आमच्या घरी उन्हाळ्यात पंखे, कूलर चालू असतात तेव्हा वरण-भात गॅसवर जातो आणि यंत्रात फक्त कडधान्य नि मटण लागतं.